तीन तासांचं पाणी

तळ्यात पाणी होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की त्या साली दुष्काळ होता. दुष्काळ नव्हता. हैदराबादच्या राज्यातल्या फसली सन तेराशे पस्तीसचा पाऊस झकास झाला होता, सावळदऱ्याचं तळं सांडव्यावरून वाहिलं होतं, आणि माघ लागला तरी बांधावर उभं राहिलं की पाणी निळंशार दिसायचं. आणि त्याच तळ्याखाली, दीड कोसावर, तुळजाबाईचा गहू उभ्या उभ्या वाळत होता.

नेकनूरच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत हे सावळदरा. तळं जुनं, कुणी बांधलं ते कुणाला माहीत नाही. तळ्याच्या बांधात एक मोरी, मोरीपासून पाट निघतो, आणि पाटावर सव्वीस शेतं भिजतात. वरची पंधरा शेतं मोरीजवळची, त्यात भगवानराव पाटलाची चार. खालची अकरा शेतं एकेक एकराची, पाटाच्या शेपटाला, आणि अगदी शेवटचं तुळजाबाईचं. नवरा पटकीत गेला, दोन पोरी उजवल्या, आणि तिच्याकडं राहिला तो हा एकरभर तुकडा.

पूर्वी मोरीला लाकडाचा दट्ट्या होता. दिवाळी झाली की धुळाजी पाटकरी पाण्यात बुडी मारून तो उपसायचा, आणि मग तो चैत्रापर्यंत परत बसायचा नाही. बसूच शकत नव्हता. वाहत्या पाण्याच्या तोंडात लाकूड कोण ठोकणार? त्यामुळं पाट रात्रंदिवस चालू. पाणी अडवायचं ते मोरीवर नाही, शेताच्या तोंडाशी. पाळी लागायची ती शेवटापासून, आधी तुळजाबाईचं शेत, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. आणि मोजायचं तांब्याच्या वाटीनं. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. पाणी शेताच्या बांधाला टेकलं की धुळाजी घंगाळात वाटी सोडायचा. भरली, बुडाली, एक. परत सोडायची. एकराला दोन वाट्या. दुसरी बुडाली की धुळाजी हाळी द्यायचा आणि वरचा माणूस आपलं तोंड फोडायचा. धुळाजीच्या घरात सात पिढ्या हेच काम.

ह्यात खोट होती, ती लपवत नाही. सव्वीस शेतं भिजून झाली तरी पाट वाहतच राहायचा आणि उरलेलं पाणी ओढ्याला जायचं. माघ संपेपर्यंत तळ्यात बेडकं उरायची. शेवटचं पाणी चुकलं की वरच्यांचाही गहू बारीक दाण्याचा व्हायचा.

म्हणून सरकारनं लोखंडी दार बसवलं. मोठं गोल चाक, जाड आट्यांचा दांडा, चाक फिरवलं की दार वर, उलटं फिरवलं की खाली, आणि खाली बसलं की थेंब गळत नाही. बांधकाम खात्यानं केलेलं काम होतं आणि काम चोख होतं. धुळाजीचं पोट त्या दारानं मारलं, तरी त्यानं पहिल्या दिवशी चाकावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आयला, माझ्या बापानं हे बघितलं असतं तर रडला असता. जल्मभर गारठ्यात बुड्या मारल्या त्यानं."

दार आलं, त्याच्यावर राखणदार आला. मदारखाँ. सरकारी पगार, सरकारी डगला, सरकारी घड्याळ. आणि एक कागद आला, तो तालुक्याच्या कचेरीतून. दर शेताला बारा दिवसांतून एकदा तीन तास. तीन तास झाले की दार बंद, म्हणजे पाणी वाया जाणार नाही. पाळी शेताच्या नंबराप्रमाणं. हे नंबर कसे पडलेले? मोजणीवाल्यानं ज्या वाटेनं घोडं नेलं तसे. एक नंबर मोरीजवळ, दोन नंबर शेपटाला, तीन मधे कुठंतरी. आणि तीन तास मोजायचे कधीपासून? चाक फिरल्यापासून. कारण घड्याळ एकच, ते मदारखाँच्या खिशात, आणि मदारखाँ दारावर बसलेला.

आता पाचवी न शिकलेल्या कुठल्याही माणसानं सांगावं काय होणार ते. दार बंद असलं की पाट वाळतो. वाळला की तडकतो. दीड कोसाचा तडकलेला पाट पहिलं पाणी स्वतः पितो. चाक फिरल्यापासून पाणी तुळजाबाईच्या बांधाला टेकायला अडीच तास. राहिला अर्धा.

नोव्हेंबराच्या पहिल्या पाळीला तिला वाटलं, चुकलं असेल काही. दुसऱ्या पाळीला पाणी आलं, चार वाफे भिजले आणि पाटातली धार बारीक होत गेली. तिसऱ्या पाळीला ती दीड कोस चालत मोरीवर आली आणि मदारखाँपुढं उभी राहिली.

"मदारभाई, दार कावून लावलंस?"

"तीन घंटे हो गये ना, बाई. बघ की घडी."

"मला काय कळतंय त्यातलं. माझ्या शेतात पानी आलं आन् गेलं."

"मेरे यहाँ से तो निकला. पूरे तीन घंटे. एक मिनट कमी दिला असंल तर मेरी नोकरी घे."

"मी नोकरी घेऊन काय करू? पानी दे."

मदारखाँ वाईट माणूस नव्हता. तो धुळाजीकडं बघायला लागला. धुळाजी तिथंच बांधावर बसलेला असायचा, सवयीनं. काम गेलं होतं, जागा सुटत नव्हती.

"बुढ्ढे, तूच समजाव तिला."

"काय समजावू?" धुळाजी म्हणाला. "तू पानी सोडल्यापासनं मोजतो, आमी पानी पोचल्यापासनं मोजायचो. येवढंच हाय."

"मग मी काय तिच्या बांधावर जाऊन बसू? आणि दार इथं कोण लावणार, तुझा बाप?"

"बाप असता तर त्येनंच लावलं असतं. तुझ्यापेक्षा बरं."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या साली सरकारनं आणखी एक गोष्ट काढली होती. बागायतीची नवी यादी. फाल्गुनात महसुलाची पाहणी करणारा गिरदावर येणार, तळ्याखालचं प्रत्येक शेत पायाखाली घालणार. ज्या शेतात पाण्यावरचं पीक उभं दिसेल ते बागायत, त्याचा पाण्यावर हक्क. ज्यात दिसणार नाही ते जिरायत. आणि एकदा जिरायत लिहिलं की पाटाचं पाणी त्या बांधाला घासून जाईल पण आत शिरणार नाही, नातवंडांच्या काळातही नाही. माघ लागला तेव्हा तुळजाबाईचा गहू पोटरीत होता. आणखी दहा-बारा दिवसांत एक भरपूर पाणी मिळालं तर ओंबी भरणार, नाही तर गिरदावराला दाखवायला नुसतं काड उरणार. आणि ह्या दहा दिवसांत तिची जी एक पाळी होती तिचे अडीच तास वाटेत जाणार हे ठरलेलं होतं.

ती धुळाजीला घेऊन तालुक्याला गेली. चालत. कचेरीच्या दारात अर्ज लिहून घेतला, उर्दूत, आणि तहसीलदाराच्या पेशकारापुढं ठेवला. पेशकारानं तो वाचला, चष्मा काढला.

"तुला तीन तास मिळतात की नाही?"

"मिळतेत."

"वरच्या पाटलाला किती मिळतात?"

"तीनच."

"मग गाऱ्हाणं काय आहे? पाटलाला चार दिले असते तर मी समजलो असतो."

"मालक, माझे अडीच तास वाटंतच जातेत. पाट पानी पितो."

"पाट आमच्याकडं नाही. पाट, दार, चाक, सगळं बांधकामाकडं. त्यांनी पाट चांगला करावा. आमच्याकडं फक्त पाळी."

"मग पाळी बदला. पानी पोचल्यापासनं मोजा म्हनाव."

"पाणी पोचलं हे कोण बघणार? आमचा माणूस तिथं नाही. माणूस बांधकामाचा."

तिथून ते बांधकामाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं तोच अर्ज घेतला.

"दार नीट उघडतं का?"

"उघडतंय," धुळाजी म्हणाला.

"नीट लागतं?"

"लई नीट."

"गळतं कुठं?"

"थेंब न्हाई, साहेब. दाराला नाव ठेवायला जागा न्हाई."

"मग? तीन तास कुणी ठरवले, आम्ही ठरवले का? पाळी तहसिलीची."

दोघंही खरं बोलत होते, आणि मला राग येतो तो त्याचाच. एखादा लबाड असता तर त्याला जोड्यानं मारता आलं असतं. इथं एकाच्या हातात चाक, दुसऱ्याच्या हातात कागद, आणि दोघांच्या मधे दीड कोसाचा कोरडा पाट, तो कुणाचाच नाही. चाक नवं आणलं आणि जुनी पाळी कशी चालायची ते न विचारता नवी बसवून दिली, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. येणार तरी कसं? दट्ट्या होता तेव्हा जी वाटी चालत होती ती दार आल्यावर फेकून दिली, आणि तिच्या जागी घड्याळ ठेवताना ते कुठं ठेवायचं ह्याचा विचार केला नाही. सरकारी घड्याळ म्हणून सरकारी खिशात ठेवलं.

परतीच्या वाटेवर तुळजाबाई बोटांवर काहीतरी मोजत चालली. पार नेकनूरपाशी आल्यावर म्हणाली, "मामा, पाट वल्ला असता तर किती लागलं असतं?"

"दोन वाट्या. तुझ्या सासऱ्यालाबी तेवढंच लागायचं."

"म्हंजे दोन वाट्याचं काम तीन तासांत होत न्हाई."

"दोन वाट्या म्हंजे तासबी न्हाई, बाई."

आता इथं आमच्या गावानं जे केलं ते ऐका. दुसरं कुठलं गाव असं करणार नाही असं म्हणायची इच्छा होते, पण मला भीती वाटते की सगळीच गावं करतात.

हात झटकले तरी बांधकामच्या कारकुनानं अर्ज वर पाठवला होता. आठव्या दिवशी निरोप आला की इंजिनेरसाहेब स्वतः दौऱ्यावर येतात, शेवटापर्यंत पाणी पोचतं की नाही ते डोळ्यांनी बघायला. तुळजाबाईनं ऐकलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. साहेब येतील, कोरडा पाट बघतील, भेगांत हात घालून बघतील. त्यापेक्षा काय पाहिजे.

पण साहेब येणार म्हटल्यावर गावाला गप्प बसवेना. भगवानराव पाटलानं चावडी सारवून घेतली. रस्त्यावरचे दगड वेचले. वेशीला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. आणि साहेब पाटावरून चालणार म्हणून पाटातलं गवत कापलं, कडा सारख्या केल्या, आणि आदल्या दिवशी दुपारी पाटील मोरीवर येऊन मदारखाँला म्हणाला, "सोड पाणी."

"हुकूम कुठाय, पाटील?"

"मी सांगतो तो हुकूम. साहेब कोरड्या पाटावरनं चालत जातील? गावाची काही अब्रू हाय का न्हाई? पाट भरून वाहिला पायजे, पार शेवटापत्तूर."

"साहब पाट सुका है क्या, हेच बघायला येतेत ना?"

"तू लई शाना झालास बे. सोड म्हंतो ना."

मदारखाँनं चाक फिरवलं. धुळाजीनं बांधावरून बघितलं आणि पाटलाला एकदाच विचारलं, "पाटील, पाहुण्याला घर गळतंय म्हनून दाखवायला बोलावलं आन् आदी घर शाकारून घेतलं, तर पाहुना काय बघनार?"

"तुला काय कळतं," पाटील म्हणाला.

मुद्दाम केलं का पाटलानं? त्याची चार शेतं मोरीजवळ, त्याला तीन तासांत डबल पाणी मिळत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मला विचाराल तर नाही. त्याला खरंच साहेबाच्या बुटाला धूळ लागू द्यायची नव्हती. लबाडीपेक्षा ही आवड जास्त नुकसान करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब घोड्यावरून आले. तिशीच्या आतले, हैदराबादेकडचे, मागून मुनशी. चाक बघितलं, दांड्याच्या आटीवर तेल बघितलं, खूश झाले. मग पाटाच्या कडेनं निघाले. पाट काठोकाठ. कडेला गवत कापलेलं. पाण्यात आभाळ दिसत होतं. दीड कोस चालून ते तुळजाबाईच्या बांधाशी आले तर तिथंही पाट काठोकाठ, आणि बांधाच्या पलीकडं गव्हाची पानं दोरीसारखी वळलेली. शेताचं तोंड मातीनं लिंपून बंद होतं, कारण तिची पाळी परवा.

साहेबांनी पाटाकडं बघितलं, शेताकडं बघायची गरज त्यांना वाटली नाही. "पानी तो बराबर आ रहा है," ते मुनशीला म्हणाले. मुनशीनं गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. पाटील हात जोडून उभा होता.

तुळजाबाई पुढं झाली. "मुनशीजी, काय लिवलं?"

"पाणी शेवटापर्यंत पोचतं. तक्रार बिनबुडाची."

"खोडा ते."

"काय?"

"खोडा म्हंते. हे पानी रोजचं न्हाई. हे साहेबांसाठी सोडलंय, काल दुपारधरनं."

साहेबांनी मुनशीकडून अर्थ करून घेतला आणि पाटलाकडं वळले. "क्यों, पटेल? कल से चालू है?"

"धुवायला, हुजूर," पाटील म्हणाला. "पाट धुवून काढला जरा. साफसफाई."

मागं शेपटाच्या अकरा शेतांची माणसं उभी होती. उत्तरेश्वर होता, ज्याचं शेत तुळजाबाईच्या लगत वर. बाकीचे होते. एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. ह्या लोकांसाठी लिहायचं म्हणजे कधीकधी हातातली लेखणी फेकून द्यावीशी वाटते.

"बाई जरा डोक्यानं हाललीय, हुजूर," पाटील म्हणाला. "नवरा गेल्यापासनं."

तुळजाबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बांधावर खोरं पडलं होतं ते उचललं, आणि साहेबाच्या बुटापासून हातभर अंतरावर शेताचं तोंड फोडलं. तीन घाव. माती आत कोसळली आणि पाणी तिच्यामागून आत शिरलं.

"आता घड्याळ काढा म्हनाव साहेबांना," ती मुनशीला म्हणाली. "आतापासनं मोजा."

पाटील ओरडला. मुनशी उठून उभा राहिला. साहेबांचे डोळे मात्र पाण्याकडं होते. माणूस इंजिनेर होता, वाहतं पाणी दिसल्यावर त्याला बघावंसं वाटलं असेल. त्यांनी घड्याळ काढलं. शेजारी धुळाजीनं घंगाळ मांडलेलं होतं. वाटी कशी चालते ते साहेबाला दाखवावं म्हणून तो ती गाठोड्यात घेऊन सकाळपासून मागं मागं चालत आला होता, आणि आतापर्यंत कुणी त्याला विचारलं नव्हतं. त्यानं वाटी सोडली.

पाट ओला होता, भरलेला होता. पाणी वाफ्यावाफ्यानं पुढं सरकलं. तुळजाबाई खोऱ्यानं तोंडं वळवत गव्हातून फिरत होती, मागं वळून बघत नव्हती. दुसरी वाटी बुडाली तेव्हा पाणी शेताच्या पलीकडच्या बांधाला टेकलेलं होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, घंगाळात वाकून वाटी बघितली, परत घड्याळ बघितलं.

"अडतालीस मिनट," ते म्हणाले.

"दोन वाट्या," धुळाजी म्हणाला.

आणि तेव्हा उत्तरेश्वर, जो तासभर मुका होता, घसा खाकरून म्हणाला, "मामा, माझं तोंड फोडू का?"

"तिचं आदी बुजू दे. मग फोड."

पाटील पुढं आला. "उत्तऱ्या, ही चोरी हाय. साहेबांसमोर चोरी करतोस?"

"हाय की," उत्तरेश्वर म्हणाला. "पन ह्याच्यानंतर माझाच नंबर लागतो. पयल्यापासनं."

तुळजाबाईनं आपलं तोंड मातीनं बुजवलं, पायानं दाबलं. धुळाजीनं हाळी दिली. उत्तरेश्वरनं आपलं तोंड फोडलं. वाटी घंगाळात पडली. त्याच्या वरचा माणूस खोरं घेऊन आपल्या बांधावर जाऊन बसला आणि वाट बघू लागला. त्याच्या वरचा त्याच्या बांधावर. पाट भरलेला होता, हात घातला असता तर अकराच्या अकरा शेतं एकदम फोडता आली असती. कुणी फोडलं नाही. सरकारचं पाणी सरकारी साहेबासमोर चोरत होते, आणि चोरतानाही वाटी बुडायची वाट बघत बसले होते.

साहेब लिंबाखाली बसले. पाटलाच्या घरी पुरणपोळीचा बेत होता, तिकडून दोनदा माणूस बोलवायला आला. साहेब म्हणाले, ठहरो. तिसरं शेत झालं, चौथं झालं. त्यांनी धुळाजीला जवळ बोलावलं.

"ग्यारा खेत को कितना लगता?"

"बावीस वाट्या, साहेब. सूर्य मावळायच्या आत होतंय."

"और दरवाजा बीच में बंद नहीं करने का?"

"शेवटापासनं सुरू करायचं, मोरीपत्तूर यायचं, सव्वीस शेतं झाली की मग तुमचं दार लावायचं. लाकडाचा दट्ट्या असता तर लागला नसता. तुमचं लागतंय. त्येच तर नवल हाय." धुळाजीनं घंगाळाकडं बोट केलं. "तुमचं दार आन् आमची वाटी, दोनी ठिवली असती तर काय बिघडत होतं, साहेब?"

मुनशीनं हे उर्दूत सांगितलं. साहेबांनी परत एकदा घंगाळात वाकून बघितलं. मग मुनशीला म्हणाले, ते आधीचं खोडा. मुनशी म्हणाला, हुजूर, त्याला क्रमांक पडलाय, खोडता येत नाही, खाली नवं लिहिता येतं. मग साहेबांनी स्वतः खाली लिहिलं की पाट ओला असेल तर एकर अठ्ठेचाळीस मिनिटांत भिजतो, सबब पाळी शेवटापासून सलग द्यावी अशी शिफारस.

"आणि चोरीचा पंचनामा, हुजूर?" पाटलानं विचारलं.

"पंचनामा तहसील का काम है," साहेब म्हणाले आणि घोड्यावर बसले. जेवले की नाही मला माहीत नाही.

त्या दिवशी अकराही शेतं भिजली. तिसऱ्या आठवड्यात ओंब्या भरल्या.

साहेबाच्या शिफारशीचं काय झालं ते सांगतो. ती बांधकामच्या मोठ्या कचेरीत गेली. तिथून तहसिलीला. तहसिलीनं उत्तर दिलं की पाळी नंबराप्रमाणं आहे, नंबर बदलायचे तर नवी यादी पक्की झाली पाहिजे, यादी पक्की व्हायची तर पाहणी झाली पाहिजे, आणि पाहणीत शेतं भिजलेली दिसली तर पाळी बदलायचं कारण उरत नाही. हे कागदावर आहे. कुणीतरी जेवून, पान खाऊन, शांतपणे हे लिहिलंय.

फाल्गुनात गिरदावर आला. शेपटाकडून सुरुवात केली. तुळजाबाईच्या शेताच्या बांधावर उभा राहिला. गहू कमरेइतका, ओंबी हाताच्या पंजाएवढी. त्यानं चांगला म्हणून मान हलवली आणि दफ्तर उघडलं.

"पीक पाळीच्या पाण्यावर आलं का?"

ती ओंब्यांवरून हात फिरवत राहिली.

"बाई, दोनच रकाने आहेत. पाळीच्या पाण्यावर, नाहीतर विनापाळी. विनापाळी म्हटलं तर हक्क नाही, जिरायत लिहितो. पाळीच्या पाण्यावर म्हटलं तर बागायत. बांधकामचा शेरा माझ्याकडं आहे, पाणी शेवटापर्यंत पोचतं म्हणून."

"त्याच्या खाली आनखी लिवलंय."

"असेल. माझ्याकडं नकलेत वरचीच ओळ आलीय."

तुळजाबाईनं धुळाजीकडं बघितलं. धुळाजी बांधावर बसून गव्हाचं एक काड दातांत चावत होता, त्यानं मान वर केली नाही. पाणी पोचत नाही म्हणून ती तालुक्याला चालत गेली होती. आता स्वतःच्या तोंडानं सांगायचं की पोचतं, तीन तासांत पोचतं, सगळं ठीक आहे. नाही सांगितलं तर हे शेत गेलं.

"लिवा," ती म्हणाली. "पाळीच्या पान्यावर."

"अंगठा."

तिनं अंगठा दिला. गिरदावर उत्तरेश्वरच्या बांधावर गेला. त्यानंही तेच सांगितलं. दुपारपर्यंत अकरा अंगठे झाले आणि तीन तासांचा कायदा सरकारदरबारी खरा ठरला, ज्यांना त्यानं मारलं त्यांच्याच सहीनं. गावातल्या काही शहाण्यांनी नंतर तिला नावं ठेवली की बाईनं कच खाल्ली. त्या शहाण्यांची शेतं कुठं आहेत ते बघून या, सगळी मोरीजवळ.

पुढच्या कार्तिकात मदारखाँकडं नवा कागद आला. छापील, जुन्यापेक्षा चांगल्या कागदावर. दर शेताला तीन तास, चाक फिरल्यापासून. तो धुळाजीनं वाचून घेतला आणि शेपटाच्या लोकांना सांगितला. तुळजाबाईनं गहू पेरलाच होता.

त्या साली अकरा घरांनी मिळून एकच अर्ज केला. पाण्याचा नव्हे. पाण्याचं नाव त्यात कुठं नव्हतं. बांधकामचे, तहसिलीचे, देवी टोचायचे, ढोरांचे, कुठल्याही खात्याचे चालतील, पण एका मोठ्या साहेबांनी माघात सावळदऱ्याला दौऱ्यावर यावं, आणि शक्यतो शेवटच्या शेतापर्यंत चालत यावं, अशी गरीब रयतेची विनंती आहे, एवढंच लिहिलं होतं.